बायबलांतील कथा व आमचे जुने शंकाकार

वैराग (तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर) व आसपासचीं गांवें येथील जुन्या घरांतून रुमाल चाळण्याचा योग आम्हांस वारंवार येतो. त्यांत पांडवप्रताप व शिवलीलामृत यांच्या पोथ्या, मोडी हिशेबाच्या वह्या, पंचांगें, वैद्यकाचीं टिपणें असा ठराविक ऐवज असतो; आणि क्वचित् रुमालाच्या अगदीं तळाशीं मुखपृष्ठ गेलेली एखादी मिशनची छापील पुस्तिका निघते. अशीच एक पुस्तिका आम्ही बाजूस काढून ठेवीत असतां शेजारीं बसलेल्या एका संग्राहक गृहस्थांनीं विचारिलें, "ही पाद्र्यांची रद्दी कशास ठेवितां? ना पत्र, ना सनद, ना काव्य." त्या वेळीं आम्हीं त्यांस दिलेलें उत्तर अपुरें होतें. तें येथें पुरें करीत आहों.

पाद्र्यांनीं पुराणांवर कोणती टीका केली हें आपल्याकडे बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु आमच्या पंडितांनीं उलट बायबलांतील कथा तर्काच्या कांट्यावर कशा तोलल्या, हा विषय इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत आटोपतो. याचें एक कारण उघड आहे. वादांत पंडितांचें म्हणणें ज्या पुस्तकांतून टिकून राहिलें, त्यांतील कित्येक पाद्र्यांनींच छापिलेलीं आहेत. प्रतिपक्षाच्या दप्तरांत आपली बाजू शोधावी लागावी, ही स्थिति मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. इंग्रजांच्या व पोर्तुगीजांच्या दप्तरांवर आपण तोच व्यवसाय करीत आलों आहों. मग या विषयांत तो करण्यास संकोच कां वाटावा, हें आम्हांस समजत नाहीं.

बायबलांतील कथा मराठींत प्रथम आल्या त्या गोव्याच्या बाजूनें. फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापिलें गेलें. त्यांत १०,९६२ ओव्या आहेत. या ग्रंथाची मांडणी लक्षांत घेण्यासारखी आहे. पाद्री कथा सांगतो व श्रोत्यांतून कोणी उठून शंका विचारितो, पाद्री तिचें समाधान करितो, आणि कथा पुढें चालते. आपल्या पुराणांतील श्रोता-वक्त्याची ही जुनीच रीत आहे. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट आपोआप नोंदली गेली: मराठी बोलणाऱ्या श्रोत्यासमोर आदामाची कथा सांगावयाची तर शंका येणारच, हें स्टीफन्स यांनीं गृहीत धरिलें होतें. या ग्रंथाच्या सतराव्या शतकांतील तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज आढळत नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांनीं, आणि मंगळूर येथें १९०७ सालीं सालढाणा यांनीं काढिलेल्या आवृत्तीनें. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत सर्वांस परिचित आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं फादर क्रुवा यांचें सेंट पीटरवरील पुराण छापिलें गेलें. त्यांत मात्र श्रोत्याच्या शंकेस जागा देण्यापेक्षां हिंदूंच्या देवकथांचें खंडन करण्याकडे कल अधिक आहे. गोव्यांत त्या काळीं उलट प्रश्न मोकळेपणानें विचारण्याची सोय नव्हती, हें सांगावयास नकोच.

ती सोय झाली मुंबईस, दोनशें वर्षांनीं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्यें मुंबईस व १८३१ मध्यें अहमदनगरास आलें. आमच्या सोलापूर जिल्ह्यांत त्याचें ठाणें पडलें तें १८६० च्या पुढील दशकांत. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्यें मुंबईस उतरले. हे गृहस्थ मोठे विद्वान. पुढें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले व लेण्यांवरही त्यांनीं लिहिलें. फेब्रुवारी १८३१ मध्यें त्यांचा व मोरभट दांडेकर यांचा मुंबईस जाहीर वाद झाला. दांडेकरांनीं आपलें म्हणणें 'हिंदुधर्मस्थापना' या नांवानें प्रसिद्ध केलें. विल्सन यांनीं त्यावर १८३२ मध्यें इंग्रजींत उत्तर छापिलें व उत्तराच्या आरंभीं दांडेकरांच्या पुस्तकाचें भाषांतरही जोडिलें. प्रतिपक्षाचा मजकूर समग्र देण्याचा हा सरळपणा विल्सन यांच्या पदरीं टाकिला पाहिजे. पुढें साताऱ्याचे नारायणराव यांनीं 'स्वदेशधर्माभिमानी' या नांवानें लिहिलें, त्यासही विल्सन यांनीं १८३४ मध्यें दुसरें खंडन छापून उत्तर दिलें. दांडेकरांनीं १८४४ मध्यें 'उपदेशचंद्रिका' हें मासिकही चालविलें. १८४२ पासून अहमदनगरास 'ज्ञानोदय' निघत होता, त्याच्याशीं सामना देण्याचें काम अशा पत्रांकडे आलें.

या वादांतील तर्काची रीत काय होती? पाद्री प्रथम पुराणांतील देवांच्या आचरणाकडे बोट दाखवी. ज्याच्या चरित्रांत काम, क्रोध व कपट आढळतें तो ईश्वर कसा, हा त्याचा प्रश्न. पंडिताचें पहिलें उत्तर ठरलेलें: ती लीला आहे, अग्नीस जसें कांहीं विटाळत नाहीं तसें समर्थास मनुष्याचे नियम लागत नाहींत. पाद्री म्हणे, हें उत्तर चालणार नाहीं. नीतीचें माप एकच. येथपर्यंत पाद्र्याची सरशी दिसते. पण एकदां एकच माप मान्य झालें कीं तें बायबलासही लागू होतें, आणि आमच्या शंकाकारांचें सामर्थ्य याच एका गोष्टींत होतें. माप त्यांनीं निर्माण केलें नाहीं. समोरच्याच्या हातांतून घेतलें.

हें माप उत्पत्तीच्या पुस्तकास लावून पाहण्यास शास्त्री असावयास नको. पहिल्या अध्यायांत प्रकाश पहिल्या दिवशीं उत्पन्न झाला व सूर्य चौथ्या दिवशीं; मग पहिले तीन दिवस कशावरून मोजिले? आदाम झाडांत लपला तेव्हां ईश्वर त्यास 'तूं कोठें आहेस' म्हणून विचारितो. सर्वज्ञास हा प्रश्न कां पडावा? जलप्रलयापूर्वीं मनुष्य निर्माण केल्याचा ईश्वरास पश्चात्ताप झाला असें सहाव्या अध्यायांत आहे; ज्यास पुढचें दिसतें त्यास पश्चात्ताप कसा होतो? आब्राहामास स्वतःच्या पुत्राचा बळी देण्याची आज्ञा होते व ऐन वेळीं हात आवरला जातो. ही कथा ऐकतांना महाराष्ट्रांतील कोणत्या श्रोत्यास श्रियाळ, चांगुणा व चिलया बाळ आठवणार नाहींत? शंकरानें अतिथि होऊन पोर मागितलें हें क्रूर, आणि यहोवानें मागितलें ही भक्तीची कसोटी, असा निवाडा एकाच मापानें देतां येत नाहीं. आब्राहामाच्या बाबतींत उत्तर देतांना पाद्र्यास शेवटीं 'ईश्वर मनुष्याच्या नियमांनीं बांधलेला नाहीं' येथेंच यावें लागतें. म्हणजे दांडेकरांच्या पक्षाचें जें उत्तर त्यानें नाकारिलें होतें, तेंच.

नव्या करारांतही अशीं स्थळें आहेत. मत्तयाच्या पहिल्या अध्यायांत योसेफाचा बाप याकोब, लूकाच्या तिसऱ्या अध्यायांत एली. मार्काच्या अकराव्या अध्यायांत येशूनें अंजिराच्या झाडास फळ नाहीं म्हणून शाप दिला, आणि तोच लेखक सांगतो कीं तो अंजिरांचा हंगाम नव्हता. यहूदानें मत्तयाच्या मतें गळफास घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत तो पडून पोट फुटून मेला. असे प्रश्न विचारणाऱ्यांस युरोपांतूनही दारूगोळा मिळत होता. टॉमस पेन याचा 'एज ऑफ रीझन' हा ग्रंथ अमेरिकन जहाजांतून कलकत्त्यास आला व हिंदु कॉलेजांतील तरुणांनीं तो घेतला, असें तेथील पाद्री डफ यांनींच लिहून ठेविलें आहे. मुंबईच्या पारशी मंडळींनीं विल्सन यांच्याशीं वाद करितांना व्हॉल्टेअरचा आधार घेतला. याबद्दल पाद्र्यांचा रोष होता, आणि तो अगदींच निराधार नव्हता. उसनी घेतलेली शंका पुष्कळदां उसन्या घोड्यासारखी अर्ध्या वाटेंत बसते. ज्यांस हिब्रू वा ग्रीक ठाऊक नाहीं त्यांनीं केवळ विसंगतींची यादी वाचून दाखवावी, हें आम्हांस फारसें भारदस्त वाटत नाहीं.

परंतु आमच्या लोकांचा स्वतःचा, कोणाकडूनही न घेतलेला असा एक प्रश्न होता, आणि तो या सर्व विसंगतींपेक्षां खोल जातो. त्यासाठीं मुंबई सोडून उत्तरेकडे जावें लागेल.

काशीस एक चित्पावन कुटुंब राहत असे. नीळकंठ गोरे यांचा जन्म १८२५ सालीं झांशीजवळील काशीपुरा या गांवीं झाला. शिक्षण काशीस झालें. त्यांनीं वयाच्या विशीच्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. यापूर्वीं जॉन म्यूर या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३९ मध्यें 'मतपरीक्षा' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचून, खऱ्या धर्माचीं लक्षणें ख्रिस्ती मतांतच आढळतात असें प्रतिपादन केलें होतें. त्यावर तीन उत्तरें निघालीं: सोमनाथ या नांवानें लिहिलेली 'मतपरीक्षाशिक्षा', कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन यांचें 'मतपरीक्षोत्तर', आणि गोरे यांचा हा ग्रंथ. या चौघांचा एकत्र अभ्यास रिचर्ड फॉक्स यंग यांनीं व्हिएन्ना येथें १९८१ मध्यें छापिलेल्या ग्रंथांत केला आहे. सोमनाथ म्हणजे सीहोरचे सुबाजी बापू, हा निर्णयही त्यांचाच.

गोरे यांचा प्रश्न असा. सृष्टीच्या आरंभीं ईश्वरानें जीव नव्यानें निर्माण केले व त्यांचें पूर्वकर्म कांहींच नव्हतें, असें ख्रिस्ती मत मानतें. मग एक आंधळा जन्मतो, एक डोळस. एक राजाच्या घरीं, एक उपाशी. हा भेद कोणी केला? ईश्वरानें केला म्हणावें तर त्याच्याकडे पक्षपात येतो, आणि दुःख दिलें म्हणून निर्दयताही येते. वेदांतसूत्रांत या दोन दोषांस वैषम्य व नैर्घृण्य म्हटलें आहे व कर्माच्या सिद्धांतानें ते दूर केले आहेत. ख्रिस्ती मतास तें साधन नाहीं. पशूंना यातना कां व्हाव्या? त्यांनीं कोणतें फळ खाल्लें होतें? आणि मनुष्याच्या मोजक्या वर्षांतील पापास अनंत काळाचा नरक, हा कोणत्या न्यायाधीशाचा निकाल? आदामाच्या कथेंत फळ, साप व बाग यांची जी चेष्टा इतर शंकाकार करीत तिच्या वाटेस हा प्रश्न जात नाहीं. कथा अक्षरशः खरी मानिली तरी ती ज्यासाठीं सांगितली तें काम, म्हणजे जगांतील दुःखाचें कारण सांगण्याचें काम, तिच्याकडून होत नाहीं, असें त्याचें म्हणणें आहे. आमच्या मतें या सबंध वादांत बायबलांतील कथांवर जें लिहिलें गेलें त्यांत हें सर्वांत सकस होय.

आणि आतां यापुढील हकीकत. ज्यानें हें लिहिलें तोच नीळकंठ गोरे १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाला. चर्च मिशनचे विल्यम स्मिथ यांच्याशीं त्याचा वाद कांहीं वर्षें चालला होता. स्मिथ यांनीं १८५० मध्यें ती हकीकत पुस्तकरूपानें छापिली. पुढें १८६० मध्यें या नव्या ख्रिस्त्यानें 'षड्दर्शनदर्पण' लिहून तेंच तर्काचें शस्त्र सहा दर्शनांवर चालविलें. फिट्झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी केलें तें १८६२ मध्यें कलकत्त्यास निघालें. म्हणजे एकाच मनुष्याच्या हातचीं दोन खंडनें, एक बायबलाचें व एक दर्शनांचें, आपल्यापुढें आहेत. दुसऱ्या खंडनानें पहिल्याचें समाधान झालें कीं काय? तसें आम्हांस दिसत नाहीं. फादर गोरे यांचें चरित्र १९०० सालीं प्रसिद्ध झालें. त्यावरून त्यांस शंकांनीं आयुष्यभर सोडिलें नाहीं, असें दिसतें. ते १८९५ मध्यें मुंबईस वारले. पंडिता रमाबाई ख्रिस्ती धर्माकडे वळल्या त्यांत त्यांचा हात होता, आणि रमाबाईंनींही १८८३ मध्यें बाप्तिस्मा घेतल्यावर आपल्या इंग्लंडांतील गुरुभगिनीस त्रैक्याच्या मतावरून जे प्रश्न लिहिले ते एखाद्या शास्त्र्याच्या मुलीसच सुचावे असे आहेत. तीं पत्रें १९७७ सालीं छापिलीं गेलीं आहेत. याच रमाबाईंनीं पुढें पुणें-सोलापूर लोहमार्गावरील केडगांवास बसून हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल मराठींत आणिलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्यें, प्रसिद्ध झालें. शंका व श्रद्धा यांची सोयरीक इतकी जवळची असते, हें वादाचीं केवळ पुस्तकें वाचणारास कळत नाहीं.

हा वाद नुसता शब्दांचा होता अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. त्याच्या पाठीशीं घरें होतीं. १८४३ मध्यें नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले; त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कांहीं काळ पाद्र्यांच्या घरीं राहून परत आला. त्या पोरास जातींत घ्यावें कीं न घ्यावें यावरून सबंध मुंबई दुभंगली. बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्यास घेण्याचा पक्ष धरिला व सनातन मंडळींचा कोप ओढवून घेतला. सभेंत योसेफाच्या बापाचें नांव विचारून टाळी मिळविणें सोपें होतें. जो मुलगा उद्यां जेवावयास पंगतींत बसणार किंवा बसणार नाहीं त्याच्या बापाशीं बोलणें अवघड होतें.

यानंतरचा मोठा प्रसंग विष्णुबावा ब्रह्मचारी यांचा. विष्णु भिकाजी गोखले हें त्यांचें मूळ नांव. जन्म १८२५, म्हणजे गोरे यांच्याच सालचा. १५ जानेवारीपासून २८ मे १८५७ पर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचे व पाद्र्यांचे वाद झाले व ते ऐकण्यास मोठा समुदाय जमे. याच मे महिन्यांत मेरठेस उठाव झाला होता. अशा वेळीं सरकारच्या धर्माबद्दल उघड्या वाळवंटावर प्रश्न विचारले जात होते, हें विसरूं नये. या वादाचीं दोन टिपणें आहेत. एक अमेरिकन पाद्री जॉर्ज बोवेन यांचें इंग्रजी, १८५७ सालचें. दुसरें बावांच्या पक्षाचें मराठी, १८७२ सालचें, म्हणजे बावांच्या मृत्यूनंतर एक वर्षानें निघालेलें. आम्हांस यांत एक मौज वाटते. मत्तय व लूका यांच्या वृत्तांतांतील फरक दाखवून वाद करणाऱ्या मंडळींच्या वादाचाच वृत्तांत दोन हातांनीं, दोन भाषांत, पंधरा वर्षांच्या अंतरानें लिहिला गेला. कोणी अभ्यासकानें दोन्ही शेजारीं ठेवून ओळीनें ताडून पाहावीं. एकाच प्रसंगाचे दोन प्रामाणिक साक्षीदार किती वेगळें लिहितात याचा दाखला घरबसल्या मिळेल.

येथें आम्ही मूळ मुद्द्याकडे येतों. दोन्ही पक्षांचा प्रश्न एकच होता: ही कथा खरी कीं खोटी? ती कोणी लिहिली, कोणत्या प्रतीवरून उतरली, तींत किती हात आहेत, हें त्या सभांतून विचारिलें गेलें नाहीं. वास्तविक युरोपांत हा प्रश्न अगोदरच निघाला होता. झां आस्त्र्युक या फ्रेंच वैद्यानें १७५३ मध्यें निनांवीं पुस्तक लिहून दाखविलें कीं उत्पत्तीच्या पुस्तकांत ईश्वरास दोन वेगळीं नांवें येतात व त्या नांवांप्रमाणें मजकूर वेगळा केला तर दोन स्वतंत्र कथा निघतात. सहाव्या अध्यायांत नोहानें प्रत्येक जातीची एक जोडी घ्यावी अशी आज्ञा आहे, सातव्यांत शुद्ध पशूंच्या सात सात. पहिल्या अध्यायांत पशु अगोदर व मनुष्य नंतर. दुसऱ्यांत मनुष्य अगोदर. वाद करणारा म्हणेल, खोटें पकडलें. पण ज्यानें बखरी हाताळल्या आहेत तो म्हणेल, दोन प्रती सांधल्या आहेत, आणि सांधणारानें दोहोंपैकीं एकही टाकण्याचें धाडस केलें नाहीं. लेखकूच्या या भित्रेपणाचे आम्हां संग्राहकांवर केवढे उपकार असतात! ज्या नकलकारानें विसंगति पुसून गुळगुळीत प्रत केली त्याच्या पोथीपेक्षां ज्यानें दोन्ही पाठ ठेवून दिले त्याची पोथी शंभरपट मोलाची.

आंकड्यांचेंही तसेंच. निर्गमाच्या आरंभीं याकोबाच्या वंशाचे सत्तर जण मिसरांत गेले असें आहे, आणि चारशें तीस वर्षांनीं सहा लक्ष पुरुष पायीं निघाले, बायकापोरें वेगळीं. नाताळ प्रांताचे बिशप कोलेन्सो यांनीं १८६२ पासून या आंकड्यांचा हिशेब छापण्यास आरंभ केला, तेव्हां इंग्लंडांत गहजब झाला. कोलेन्सो यांस हा विचार सुचला कसा? झुलू भाषेंत जलप्रलयाची कथा उतरीत असतां त्यांच्या झुलू सहायकानें विचारिलें कीं, हें सर्व खरें आहे काय? म्हणजे आफ्रिकेंतील ऐकणारानें जो प्रश्न विचारिला तोच मुंबईच्या किनाऱ्यावरही विचारला जात होता. फरक इतकाच कीं तेथें बिशपच अडखळला व हिशेब करावयास बसला. बखरींतील लाखांच्या फौजा ज्यांनीं रोजमुऱ्यांच्या कागदांवरून खालीं आणिल्या आहेत त्यांस कोलेन्सो परका वाटणार नाहीं.

जलप्रलयाच्या कथेचें मूळ तर दहाच वर्षांनीं मातीच्या विटेवर सांपडलें. ब्रिटिश म्यूझियमांतील जॉर्ज स्मिथ यांनीं ३ डिसेंबर १८७२ रोजीं निनेव्ह येथील कीलाक्षरी विटांवरील प्रलयकथा वाचून दाखविली. तींत नौका आहे, बाहेर सोडलेले पक्षी आहेत, शेवटीं यज्ञ आहे. शतपथ ब्राह्मणांतील मनु व मत्स्य यांची कथा आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तिचें या दोहोंशीं नातें काय, यावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्यांत आम्ही शिरत नाहीं. पुढें १९४७ पासून मृत समुद्राकांठच्या गुहांतून चामड्याच्या गुंडाळ्या निघाल्या. त्यांतील यशया भविष्यवाद्याची प्रत तोंपर्यंत ज्ञात असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारें एक हजार वर्षांनीं जुनी आहे. गुहा, गुंडाळ्या व पाठभेद. विल्सन हयात असते तर लेण्यांचा हा अभ्यासक त्या गुहांत सर्वांअगोदर शिरला असता, अशी आमची समजूत आहे.

आमच्या पंडितांजवळ या प्रश्नाची एक किल्ली होती आणि त्यांनीं ती वापरली नाहीं, हा आमचा त्यांच्यावरील आक्षेप आहे. मीमांसकांनीं अर्थवाद म्हणून वाक्यांचा एक वर्ग मानिला आहे. अशा वाक्याचा अक्षरार्थ प्रमाण नसतो, तें दुसऱ्या एखाद्या विधानाच्या स्तुतीसाठीं असतें. पुराणांच्या बचावास शास्त्री हें शास्त्र सहज काढीत. अंजिराच्या झाडास तेंच शास्त्र लावून पाहण्याचें औदार्य त्यांनीं दाखविलें नाहीं. अर्थात् पाद्र्यांनींही पुराणांस रूपकाची सवलत दिली नव्हती, फिटंफीट झाली. सुबाजी बापू तेवढे या बाबतींत वेगळे. त्यांनीं १८३६ मध्यें 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हें मराठी पुस्तक लिहून पुराणांतील भूगोल, म्हणजे मेरु व सात समुद्र, ज्योतिषाच्या सिद्धांतांपुढें टिकत नाहीं असें आपल्या लोकांस सांगितलें, आणि तीनच वर्षांनीं म्यूर यांस उत्तर दिलें. घरचें माप आधीं घरांत लावून मग शेजाऱ्याकडे जाणारा हा एक शास्त्री.

इतरांचें माप परत घरीं आलें तें दुसऱ्याच्या हातानें. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८७३ मध्यें 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलें. ब्रह्मदेवाच्या मुखांतून ब्राह्मण जन्मले ही कथा अक्षरशः धरून, तिचे शरीरधर्मानें काय काय परिणाम होतील ते त्यांनीं निःसंकोचपणें विचारिले. दशावतारांच्याही कथांचें त्यांनीं तसेंच केलें. वाचून अनेकांस संताप आला. पण पद्धति जुनीच होती. उत्पत्तीच्या पुस्तकास जी लावली तीच पुरुषसूक्तास. फुल्यांच्या ऐतिहासिक अनुमानांशीं आम्ही सहमत नाहीं, तथापि त्यांनीं बायबलालाही सूट दिली नाहीं, हें त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्यें निघालेल्या 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तका'वरून दिसतें. कोणताही एक धर्मग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सत्य आहे असें त्यांनीं मानिलें नाहीं.

महाभारताच्या बाबतींत 'खरें कीं खोटें' या प्रश्नावरून 'कोणत्या प्रतींत काय' या प्रश्नावर आपण आलों ते पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीनें. तें काम १९१९ मध्यें सुरू होऊन १९६६ मध्यें पुरें झालें. धर्मवादाच्या पुस्तिकांस अद्याप तो मान मिळालेला नाहीं.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें उत्तर. ही रद्दी ठेवावी ती एवढ्यासाठीं, कीं १८३१ पासून पुढें पन्नास वर्षें मराठी माणूस पुरावा कशास म्हणत होता, साक्ष कशी तपाशीत होता, त्याची नोंद सनदांत व पत्रांत मिळत नाहीं. ती या पुस्तिकांत आहे. त्या शिळाछापाच्या, स्वस्त कागदावरील, कसरीस प्रिय अशा असल्यामुळें हस्तलिखितांहूनही लवकर नाहींशा होत आहेत. 'हिंदुधर्मस्थापना', 'स्वदेशधर्माभिमानी', 'उपदेशचंद्रिके'चे अंक, १८७२ चा समुद्रकिनाऱ्यावरील वादविवाद, किंवा अशाच स्वरूपाची मुखपृष्ठ गेलेली कोणतीही पुस्तिका ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं पृष्ठांची संख्या, छापखान्याचें नांव असल्यास तें, आणि समासांत कोणी हातानें कांहीं लिहिलें असल्यास त्याची नक्कल मंडळाकडे धाडावी. समासांतील शाईच्या टिपांकडे विशेष लक्ष द्यावें. वैरागाहून निघालेल्या ज्या पुस्तिकेवरून हा लेख झाला तींत नोहाच्या कथेशेजारीं कोणीं तरी मोडींत चार शब्द लिहिले आहेत: 'इतके पशूंस दाणावैरण कोठून?'